एकोणीस ओळी

आमच्या घरात काहीही बिनसलं की आधी पत्रक निघायचं. नळाला तीन दिवस पाणी नसलं की पत्रक. शाळेत मास्तरांनी आमच्या गल्लीतल्या पोरांना मागच्या रांगेत बसवलं की पत्रक. माझ्या आईचे दागिने, म्हणजे दोन मणी आणि एक डोरलं, चोरीला गेले तेव्हा शेजारचे म्हणाले, आधी पोलिसात जा. आबा छापखान्यात गेले आणि संध्याकाळी 'गरिबांच्या घरावर दरोडा, जागे व्हा' असं ठसठशीत मथळ्याचं गुलाबी पत्रक घेऊन आले. मणी मिळाले नाहीत. पण गल्लीभर ते पत्रक भिंतींवर लागलं आणि आईला वाटलं, काहीतरी झालं. माझे वडील, आबा, सांगलीत एका छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायचे. मालक भला होता. कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर, काम सुटल्यावर, काय वाटेल ते छापायची त्याने आबांना मुभा दिली होती. आमच्या घरात सणाला नवे कपडे नसायचे, पण कागद असायचा. भाकरी पत्रकावर, चटणी पत्रकावर, फडताळात पत्रकं, गादीखाली पत्रकं. अक्षरं मी पाटीवर शिकले नाही. 'बंधू-भगिनींनो' हा मी वाचलेला पहिला शब्द, आणि 'निर्दय' हा दुसरा.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पहाटे आई परातीत भाकरी थापायची तो आवाज, मग स्टोव्हची भरभर, आणि दिवसभर गल्लीच्या टोकाहून येणारी ट्रेडल छपाईयंत्राची खटखट, कारण छापखाना आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता. हवेत हळदीचा वास असायचा. बाजाराच्या बाजूने वारा आला की दांडीवरची पांढरी पातळं पिवळट व्हायची. रात्री सुकट आणि वांगं, किंवा नुसती लसणाची चटणी आणि तेल. आबा जेवायला बसले की सगळे गप्प. हाच माणूस विहारासमोरच्या सभेत तासभर बोलायचा, मुठी आवळून, शिरा ताणून, आणि बायका पदर डोळ्यांना लावायच्या. घरात त्यांचा शब्द म्हणजे 'मीठ' किंवा 'दिवा'. शेजारची हौसा मावशी मला चिडवायची, "वैजे, तुज्या बाला तुज्याशी बोलायचं असलं तर पत्रक काढतो का गं?" मी हसायचे. पण खरं सांगायचं तर मला तसंच वाटायचं. त्यांनी लिहिलेलं मी वाचत होते म्हणजे ते माझ्याशी बोलतच होते. मला त्यात काही उणं वाटलं नाही.

माझी थोरली बहीण शालन, माझी अक्का. तिचं लग्न अठराव्या वर्षी झालं, म्हसवडच्या अलीकडच्या एका वाडीत. नवरा पलटणीत. आमच्याकडे फौजेतला जावई म्हणजे मोठी गोष्ट होती. उत्तम दाजी दिसायला सरळ, न पिणारा, न शिवी देणारा. सोयरिकीला आले तेव्हा पाटावर ताठ बसले आणि विचारलेल्या प्रश्नांना व्हय आणि न्हाई एवढंच म्हणाले. आई म्हणाली, "गरीब हाय पोरगा." वाडीत बाकीचे फौजी सुट्टीवर यायचे तेव्हा त्यांच्या बायका चार दिवस आधीपासून भिंती सारवायच्या, डोक्याला तेल लावून एसटीच्या वाटेकडे बघत बसायच्या. पांढऱ्या अक्षरात नाव-नंबर लिहिलेली काळी ट्रंक गाडीच्या टपावरून उतरली की सगळी वाडी धावायची. अक्काही धावायची. ती ट्रंक परत टपावर चढेपर्यंत ती दिवस मोजायची, हे आम्हाला पाच वर्षं ठाऊक नव्हतं. पाच वर्षं तिने सांगितलं नाही. मी तेव्हा कॉलेजात नुकतीच गेले होते, वक्तृत्वात ढाली जिंकत होते, स्त्रीमुक्तीवर घसा कोरडा करत होते. माझ्या बहिणीच्या पाठीवर काय आहे ते मी बघितलं नव्हतं.

एक दिवस दुपारी ती दारात उभी राहिली. एकटी, पिशवी नाही, चार वर्षांची सोनी बरोबर नाही. डावं मनगट फडक्यात बांधलेलं आणि हात असा लोंबत होता की तो तिचा नाहीच. आईने फडकं सोडलं. हाड कातडीच्या आतून वर आलं होतं. हाडवैद्याने हात ओढून बसवला तेव्हा अक्का ओरडली, गल्लीतली कुत्री भुंकायला लागली एवढी ओरडली. मग गरम हळद लावून ती भिंतीला टेकून बसली आणि पहिल्यांदा बोलली.

"पांघरुणाची घडी वाकडी हुती," ती म्हणाली.

"तेवढ्यासाठी?" मी म्हणाले. "दारू पिऊन आला होता का?"

"कवा पीत न्हाई. प्याला असता तर म्हणलं असतं, दारूनं मारलं. रागात असता तरी समजलं असतं गं. त्येच्या तोंडावर काय बी नसतं. आदी हातातलं घड्याळ काढून दिवळीत ठिवतो. मग पट्टा काढतो. भिंतीत खिळा ठोकावा तसा मारतो. झालं की पट्टा घालतो, घड्याळ घालतो, बाहीर जाऊन बसतो."

"आणि बोलतो काय?" आईने विचारलं.

"काय बोलतोय? पाच वरसांत माजं नाव घेतलेलं न्हाई त्येनं."

आई म्हणाली, राहा इथंच. पण सोनीला सासूने ठेवून घेतलं होतं. पोरगी पाहिजे तर घरी ये, असा निरोप होता. चौथ्या दिवशी अक्का परत गेली. जाताना मी तिला एसटीत बसवलं आणि खिडकीतून तिचा धड हात धरून म्हणाले, "मी तुझ्यासाठी लिहिते." तिने माझ्याकडे बघितलं. "लिव," ती म्हणाली, "तुमचं तेच तर हाय."

लिहायचं कुणाला, हे आबांनी ठरवलं. पलटणीच्या मोठ्या साहेबाला. आणि साहेबाला लिहायचं म्हणजे इंग्रजीत. घरात इंग्रजी मला एकटीलाच येत होती, तीही पुस्तकातली. रद्दीतून आणलेली, पुठ्ठा सुटलेली डिक्शनरी मांडीवर घेऊन मी बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. मराठीत आपल्याकडे अशा माणसासाठी पिशवीभर शब्द आहेत. घुमा, अबोल, कोरडा, आतल्या गाठीचा, माणूसघाणा. पण घुमा माणूस बिचारा कुणाचं हाड मोडत नाही. इंग्रजीत काय म्हणावं? डिक्शनरी मला एकातून दुसऱ्या शब्दाकडे पाठवत राहिली. कोल्ड म्हणजे थंड. अलूफ म्हणजे दूर राहणारा. कॅलस म्हणजे घट्टा पडलेला. प्रत्येक शब्द चांगला वाटायचा आणि एकही पुरेसा वाटायचा नाही, म्हणून मी सगळेच वापरले. माझ्या हाताला आबांच्या पत्रकांचं वळण होतं. अन्याय जितका मोठा तितकी विशेषणं जास्त. मी लिहिलं की माझ्या बहिणीचा नवरा हा कोल्ड, कॅलस, स्टोन-हार्टेड टायरंट आहे, त्याच्या छातीत बर्फ आहे, तो गणवेशातला सैतान आहे, त्याच्या मुक्या क्रूरतेने स्त्रीजातीला काळिमा फासला आहे, आणि जागे व्हा, सर, जागे व्हा. मनगटाबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. पांघरूण, घड्याळ, पट्टा, काही नाही. ते मला क्षुल्लक वाटलं. एवढ्या मोठ्या साहेबाला पांघरुणाच्या घडीचं काय सांगायचं, असं मला वाटलं.

आता माझ्याकडे मुली इंग्रजीतले निबंध घेऊन येतात, बापाबद्दल, नवऱ्याबद्दल, आणि 'ही इज कोल्ड अँड डिस्टंट' असं पहिलंच वाक्य असतं. मी वही मिटते आणि विचारते, काल रात्री जेवताना त्याने काय केलं? त्या गोंधळतात. मला त्यांचा राग येत नाही. मी कुणाच्या अंगावर शिकले ते त्यांना ठाऊक नाही.

मी मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, मग मराठीत सांगितला. आबांनी मान हलवली. "जोरदार हाय," ते म्हणाले. आयुष्यात त्यांनी मला दिलेली ती पहिली शाबासकी. आणि मग आमच्या घराने ते केलं जे आमचंच घर करू शकलं असतं. आम्ही ते पत्र छापलं. हाताने लिहिलेल्या अर्जाला कोण विचारतं, असं आबांचं म्हणणं. छापलेलं म्हटलं की सरकार दचकतं. आबांना इंग्रजी येत नव्हती, पण इंग्रजी खिळे कुठल्या खणात कुठे असतात ते त्यांना डोळे मिटून ठाऊक होतं. माझ्या हस्ताक्षराचं एकेक अक्षर बघून त्यांनी ते जुळवलं. मजकूर थोडा दिसत होता म्हणून त्यांनी ओळ अरुंद धरली. ओळ अरुंद धरली की ओळी वाढतात, पत्रक भरल्यासारखं दिसतं, हे कुठलाही जुळारी जाणतो. चहूबाजूंनी वेलबुट्टीची चौकट लावली. पंचवीस प्रती रजिस्टर पोस्टाने गेल्या, साहेबाला एक आणि बाकी, आबांच्या शब्दांत, 'बाकीच्या जवान बांधवांना वाटण्यासाठी'.

पाच-सहा आठवड्यांनी छापखान्यात फोन आला. म्हसवडच्या एका किराणा दुकानदाराचा. "तुमची पोरगी लय बेकार हाय," तो म्हणाला, "येऊन घिऊन जावा."

आबा आणि मी मिळेल त्या गाडीने निघालो. वाडीत पोचलो तेव्हा ऊन कडक होतं आणि सोप्यावर दाजी बसले होते, पायाशी पॉलिशची डबी, हातात बूट. ब्रश इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि परत बुटाकडे बघितलं. अक्का गोठ्यात पोत्यांवर पडली होती. तोंडावर माश्या. एक डोळा बंद, ओठ फाटलेला, लुगडं पाठीला चिकटून वाळलेलं. श्वास घेताना छातीतून करकर येत होती. मी तिला हाक मारली तरी तिने दुसरा, धड डोळाही उघडला नाही.

त्यानंतर मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. दाराशी पाटा होता, पाट्यावर वरवंटा होता. तो दोन्ही हातांनी उचलून मी दाजींच्या डोक्यावर घातला. मला त्यांना ठार मारायचं होतं, त्यात काही अलंकारिक नव्हतं. ते हलले म्हणून तो खांद्यावर बसला. हाडावर दगड आदळल्याचा आवाज झाला. ते उठले. मला वाटलं आता हा माणूस ओरडेल, शिवी देईल, माझा गळा धरेल. त्यांनी माझ्या हातातून वरवंटा काढून घेतला, पाट्याजवळ गेले, तो पाट्यावर ठेवला, आडवा झाला होता तो सरळ केला, आणि परत येऊन बूट उचलला. त्या क्षणी मला जी भीती वाटली ती त्यानंतर कधी वाटली नाही. सासू मात्र माणूस होती. तिने माझी वेणी धरून मला अंगणभर ओढलं. "माज्या लेकाला मारतीस व्हय गं? पलटणीत त्येचं तोंड काळं केलंस! लंगरात जेवताना तुजा कागद वाचून पोरं हसली त्येला!" तिने माझं तोंड चौकटीवर आपटलं. समोरचा दात तुटून जिभेवर आला. सोनी उंबऱ्यात उभी राहून बघत होती. आबा अंगणाच्या मध्यभागी उभे होते. सभा गाजवणारा माझा बाप, तोंड उघडं, आणि आतून काही येत नव्हतं. मग ते वळले, गोठ्यात गेले, आणि अक्काला दोन हातांवर उचलून रस्त्याकडे चालायला लागले. सोनीला सासूने आत ओढून दार लावून घेतलं.

म्हसवडच्या डॉक्टरांनी हात टेकले. साताऱ्याला न्या म्हणाले. साताऱ्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी अक्का नीट बोलू शकली. तीन फासळ्या मोडल्या होत्या. तिने पहिल्यांदा सोनीचं विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वैजे, तुज्या कागदावर ओळी किती हुत्या गं?"

मला कळलं नाही. "का?"

"त्येनं कागद जात्यावर पसरला. पैल्या ओळीवर बोट ठिवलं, वाचली, आन् एक मारला. मग दुसरीवर बोट ठिवलं. मला काय इंग्रजी येतंय? मी नुसतं बोटाखाली छापलेलं काळं किती ऱ्हायलंय ते बगत हुते. एकोणीस मोजले. पुढचं ठावं न्हाई."

मी पिशवीतून पत्रक काढलं. मोजायची गरज नव्हती तरी मोजल्या. एकोणीस होत्या. आबा खाटेच्या पायाशी उभे होते. ते म्हणाले, "रुंद धरली असती तर अकरा झाल्या असत्या." एवढंच. मग त्यांनी उजवा हात उचलला आणि बोटं खाटेच्या लोखंडावर आपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा नखं फुटली. नर्स धावत आली तेव्हा ते आपटतच होते. ज्या बोटांनी त्यांनी चाळीस वर्षं खिळे जुळवले त्यातली दोन पुढे कधी सरळ झाली नाहीत.

शेजारच्या खाटेवर एका निवृत्त सुभेदारांची बायको होती. सुभेदार दिवसभर तिच्या उशाशी बसून तिला डाळिंबाचा एकेक दाणा भरवायचे आणि आमचं सगळं ऐकायचे. त्यांनी हात पुढे करून पत्रक मागितलं. चष्मा लावून वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"पोरी, हे तू लिवलंस?"

"हो."

"स्टोन-हार्टेड. दगडाच्या काळजाचा. अगं, आमच्याकडं अशाला बढती देत्यात." ते हसले नाहीत. "साहेबानं हे वाचून काय करायचं? कुठलं कलम लावायचं? ह्यात कुनी कुनाला कवा मारलं तेच न्हाई. साहेब म्हणला असंल, सासुरवाडीचं भांडान दिसतंय, जा बाबा, पंधरा दिस रजा घे आन् घरचं मिटवून ये. त्यो आला आन् मिटवून गेला."

मी त्यांच्यावर ओरडले. म्हणाले, सगळे फौजी सारखेच. म्हणाले, तुमच्या साहेबाला हृदय नाही का? त्यांनी मला ओरडू दिलं. मग झोळीतून आखीव वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "लिव. इंग्रजीतच लिव. पैल्यांदा नंबर, हुद्दा, नाव. मग कुठल्या सुट्टीत काय झालं. कशानं मारलं, किती, कुठं, कुनी बगितलं. दुसरं काय न्हाई."

"पण तो कसा आहे ते कसं कळणार?" मी म्हणाले. "तो रागावत नाही, त्याला काही वाटत नाही, हे मुख्य आहे."

"त्येला काय वाटतं ते तुला ठावं हाय?"

"नाही."

"मग लिवू नगंस. घड्याळ काढून ठिवतो ते लिव की."

अक्का सांगत गेली आणि मी लिहीत गेले. ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड लिखाण. प्रत्येक वाक्याला माझा हात विशेषणाकडे धावायचा आणि सुभेदार वहीवर बोट टेकवायचे. ही रिमूव्ह्ड हिज वॉच. ही रिमूव्ह्ड हिज बेल्ट. ही स्ट्रक हर ऑन द लेफ्ट रिस्ट. द बोन ब्रोक. ही वेअर हिज वॉच अगेन, असं मी लिहिलं आणि त्यांनी ते 'पुट ऑन' करून घेतलं. ही डिड नॉट स्पीक. हे शेवटचं वाक्य दर प्रसंगाखाली येत राहिलं. पानावर ते सातव्यांदा आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि डिक्शनरीतला एकही शब्द मी वापरला नव्हता.

सगळं झालं तेव्हा अक्का म्हणाली, "इंचवाचं बी लिव."

"कसलं?"

"सोनीच्या टायमाला. आठवा मैना हुता. सरपणात इंचू चावला, लाल. घाम सुटला, तोंडाला फेस आला. ह्यो सुट्टीवर हुता. ह्येनं मला पाठीवर घेतलं आन् भर उन्हात म्हसवडपातुर पळत गेला. चपला तुटल्या, अनवाणी पळाला. डागदराकडं घातलं आन् बाहीर बसला. शुद्ध आली तवा म्हनाला न्हाई की कसं वाटतंय. पर पळाला हुता."

"हे लिहायचं नाही," मी म्हणाले. "अक्का, हे लिहिलं की तो सुटला. साहेब म्हणेल, माणूस चांगला आहे."

"झालं ते झालंय."

"त्याने तुला ओळी मोजून मारलंय!"

"मला ठावं हाय मला कसं मारलंय," ती म्हणाली, आणि मोडक्या फासळ्यांवर हात दाबून उठून बसली. "तुज्या पाठीवर हायत का? न्हाईत. मग मी सांगते ते लिव. मागं तुजं लिवलंस, आता माजं लिव."

मी सुभेदारांकडे बघितलं. ते डाळिंब सोलत होते. मी लिहिलं, इतका दाब देऊन की पेनाचं टोक पलीकडच्या पानावर उमटलं. ही कॅरीड हर ऑन हिज बॅक अँड रॅन टू म्हसवड. ही डिड नॉट स्पीक.

यावेळी छापलं नाही. एकच प्रत, आखीव कागदावर, सुभेदारांच्या ओळखीने गेली. महिन्याभरात पलटणीने एक कॅप्टन पाठवला आणि दाजींनाही आणलं. साताऱ्यात माजी सैनिकांची एक बैठकीची खोली होती, तिथे टेबल मांडलं होतं. सासूला सोनीला घेऊन यायचा हुकूम होता. ती पोरीला मांडीवर गच्च धरून बाहेरच्या पायऱ्यांवर बसली होती. अक्काला एवढंच हवं होतं, पायऱ्यांवरून ती पोर उचलून न्यायची आणि परत त्या वाडीत पाय ठेवायचा नाही. कॅप्टनने नाही म्हटलं असतं तर सोनीसाठी ती परत गेली असती, आणि पुढच्या सुट्टीत मेली असती. हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी रात्रभर भाषण तयार केलं होतं. दाजी खोटं म्हणतील, नाकारतील, आणि मग मी उठेन, असं मी ठरवलं होतं. माझा तुटलेला दात मी पुरावा म्हणून रुमालात बांधून आणला होता. कॅप्टन पोरसवदा होता, गालावर नुकता वस्तरा फिरलेला. त्याने पत्र दाजींच्या हातात दिलं आणि हिंदीत म्हणाला, पढो. दाजी सावधान उभे राहून वाचू लागले. दोन पानं होती. मी माझ्याजवळच्या कच्च्या खर्ड्यावरून त्यांच्याबरोबर वाचत होते, आता मनगट आलं असेल, आता गोठा आला असेल, कुठे चूक सापडेल, कुठे ते मान वर करतील. पंखा फिरत होता. दाजींनी पानं जुळवून टेबलावर ठेवली.

"सही है?" कॅप्टनने विचारलं.

"जी साब."

"पूरा?"

"जी साब. पूरा सही है."

कॅप्टन थोडा गांगरला. त्याच्याकडेही बहुधा भाषण तयार असावं. "क्यों किया?"

दाजी भिंतीकडे बघत राहिले. बाहेर सोनी काहीतरी मागत होती आणि सासू तिला दटावत होती. "मालूम नहीं साब," ते म्हणाले.

मला अजूनही वाटतं की ते खरं बोलत होते, आणि म्हणूनच माझा संताप अधिक झाला. मी उठले. दाताचा रुमाल हातात होता. अरे, काहीतरी बोल, असं ओरडायचं होतं. आबांनी आपली बँडेज बांधलेली बोटं माझ्या मनगटावर ठेवली आणि मला खाली बसवलं. कॅप्टनने लिहिलं. पोरगी आईकडे राहील. पगारातला हिस्सा तिच्या नावे जाईल. सुट्टीत हा माणूस तिच्या दारात जाणार नाही. बाकीचं पलटणीत बघितलं जाईल. दाजींनी सही केली, सॅल्यूट केला, वळले आणि गेले. जाताना पायऱ्यांवर बसलेल्या सोनीला त्यांनी वळसा घातला. पोर बापाच्या बुटांकडे बघत राहिली. अक्का गेली, सासूच्या हातांतून तिला सोडवायला लागली आणि सासूने हात आवळले. अक्काने शांतपणे तिची बोटं एकेक करून मागे वाकवली. करंगळी कटकन वाजली. सासू किंचाळली. अक्काने सोनीला काखेत घेतलं.

स्टँडवर सांगलीच्या गाडीला वेळ होता. आबा तिकिटाच्या रांगेत होते. सोनी अक्काच्या मांडीवर बिस्कीट खाताखाता पेंगली होती. मी एकसारखी बोलत होते. दगड आहे, म्हणत होते, दगड. एवढं सगळं वाचलं आणि पापणी हलली नाही त्याची.

"हलली की," अक्का म्हणाली.

"काय?"

"दुसऱ्या पानावर. पार खाली, शेवटाला. थांबला आन् गिळलं त्येनं. परत तीच ओळ वाचली. इंचवाची आसंल."

"मी नाही बघितलं."

"व्हय."

"म्हणजे तुला आता त्याची दया येतेय?"

"डोस्कं फिरलंय का तुजं? मेला तरी जायाची न्हाई मी." तिने सोनीच्या ओठावरचा बिस्किटाचा चुरा पुसला.

"मग मला कशाला सांगतेस?"

"तू लिवनार हायीस पुढं. म्हनून सांगते," अक्का म्हणाली. "समदा येळ तू कागदाकडं बगत हुतीस."